मुखशस्त्रक्रिया : भीती, समज आणि पूर्वतयारी

व्यापारी माणूस उधारी फार लांबू देत नाही. वसुलीचा दिवस टळला की त्याला स्वस्थ झोप लागत नाही. तोच माणूस दाढेच्या दुखण्याची उधारी मात्र वर्षानुवर्षे लांबवीत असतो. रात्री लवंग दाढेखाली धरायची, सकाळी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी मागवायची आणि ‘कांद्याचा सीझन उरकू दे’, ‘दिवाळीचे वहीपूजन होऊ दे’, ‘घरचे लग्न पार पडू दे’ असे म्हणत पुढची तारीख धरायची, हा आपल्या अनेक कुटुंबांतील नित्याचा क्रम आहे. या विलंबामागे कामाचा व्याप असतो हे खरे. पण त्याहून मोठे कारण भीती हे असते. तोंडातील शस्त्रक्रियेत नेमके काय करतात, किती दुखते, किती दिवस दुकानावर बसता येत नाही, उपवास आणि चौविहार यांचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे कोणी नीट समजावून सांगितलेली नसतात. ती साध्या शब्दांत मांडावीत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. साधा दात गावातच काढून मिळतो. परंतु जबड्याची मोठी शस्त्रक्रिया असेल तर सुमारे ६५ किलोमीटरवरचे नाशिक किंवा अलीकडचे मालेगाव गाठावे लागते. म्हणूनच लहान दुखणे लहान असतानाच बरे करून घेण्याचे महत्त्व गावातील माणसाला शहरातील माणसापेक्षा अधिक आहे. ठरवून केलेली शस्त्रक्रिया एका सकाळी आटोपते. टाळलेली शस्त्रक्रिया मात्र अनेकदा मध्यरात्री गाडी काढायला लावते.

ही शस्त्रक्रिया कोण करतो?

दंतवैद्यकाची बी.डी.एस. ही पदवी घेतलेले डॉक्टर साधे दात काढणे, गळू फोडून पू काढणे अशी कामे करतात. त्यानंतर तीन वर्षांचे एम.डी.एस. हे पदव्युत्तर शिक्षण मुख व जबडा शल्यचिकित्सा या विषयात घेतलेले डॉक्टर अडकलेल्या अक्कलदाढा, जबड्यातील गाठी, अस्थिभंग, तोंड न उघडणे अशा अवघड कामांसाठी असतात. दंतमहाविद्यालयांतून हे विभाग चालतात. नाशिकला पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे दंतमहाविद्यालय व रुग्णालय आहे. अशा शिक्षणसंस्थांत अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्चही सामान्यतः खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

आपल्या देशाला हा विषय नवा नाही. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांची सात स्थाने वर्णिली आहेत. उणीव होती ती वेदना थांबविण्याच्या खात्रीच्या साधनाची. १८४६ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानेच ईथरची भूल जगासमोर सिद्ध करून दाखविली. आज दवाखान्यात जे इंजेक्शन हिरडीत दिले जाते, त्यातील लिग्नोकेन हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. भूल न देता दात उपटल्याच्या ज्या गोष्टी आपण घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या, त्या आता इतिहासजमा झाल्या आहेत. भीती तेवढी मागे उरली आहे.

दात काढताना काय होते?

हिरडीत इंजेक्शन देताना क्षणभर टोचते. काही मिनिटांत ओठ, जीभ आणि गाल जड होतात. एक गोष्ट आधीच समजून घ्यावी : भुलेमुळे वेदना जाते, दाब आणि हालचाल मात्र जाणवत राहते. दात हलविताना जबड्यावर जोर आला म्हणजे भूल उतरली, असे नव्हे. टोचल्यासारखे खरोखर दुखले तर हात वर करून सांगावे; डॉक्टर आणखी औषध देऊ शकतात. जिथे पू साचलेला असतो तिथे भूल नीट चढत नाही. अशा वेळी डॉक्टर आधी पू काढून किंवा काही दिवस औषध देऊन मग दात काढतात. ‘आजच काढून टाका’ असा हट्ट तेव्हा धरू नये.

दात निघाल्यावर त्या खाचेत रक्ताची गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे जखमेवरची नैसर्गिक पट्टी. पुढील सर्व सूचना तिच्या रक्षणासाठी असतात. डॉक्टरांनी ठेवलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा ३० ते ४५ मिनिटे घट्ट दाबून धरावा. मधूनमधून काढून पाहू नये. पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. कारण या क्रियांनी गुठळी निसटते. लाळेत गुलाबी छटा दिवसभर दिसू शकते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तोंड ताज्या रक्ताने भरत असेल तर स्वच्छ गॉज पुन्हा अर्धा तास दाबावा आणि तरीही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

बधिरता दोन ते चार तास टिकते. तेवढ्या वेळात गरम चहा पिऊ नये आणि लहान मुलांनी ओठ चावू नये याकडे लक्ष द्यावे. बधिर ओठ चावून झालेली जखम दाताच्या जखमेहून अधिक दिवस त्रास देते.

अक्कलदाढेचा प्रश्न

अक्कलदाढ साधारणतः १७ ते २५ या वयात येते. हे वय शिक्षणाचे आणि वसतिगृहात राहण्याचे. चांदवडला १९२८ साली स्थापन झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या परिसरात आज अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रापर्यंतचे शिक्षण मिळते आणि गावोगावची मुले तेथे राहून शिकतात. घरापासून दूर असलेल्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर दाढ सुजल्याचा फोन आला की पालकांचा जीव टांगणीला लागतो. दाढ अर्धवट बाहेर आली की तिच्यावरच्या हिरडीच्या झाकणाखाली अन्नकण अडकतात, सूज येते, गिळताना कानापर्यंत कळ जाते आणि तोंड पुरते उघडत नाही. औषधाने ही सूज उतरते, पण दाढेची जागा अपुरी असेल तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती पुन्हा येते.

प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. सरळ आलेली, साफ करता येणारी आणि त्रास न देणारी दाढ आयुष्यभर राहू द्यावी. वारंवार सुजणारी, शेजारच्या चांगल्या दाढेला कीड लावणारी किंवा जिच्याभोवती गाठ तयार झाली आहे अशी दाढ मात्र काढावी. निर्णयापूर्वी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. दाढेची मुळे तिच्या किती जवळ आहेत हे त्यात पाहिले जाते. मुळे नसेला खेटून असतील तर अधिक तपशील दाखविणारा त्रिमितीय स्कॅन सांगितला जातो. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांचा ओठ किंवा जिभेची एक बाजू बधिर राहते. बहुतेकांत ही बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते, क्वचित ती कायम राहते. या शक्यतेविषयी डॉक्टरांनी आधी सांगावे आणि आपण मोकळेपणाने विचारावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत हिरडीला छेद देऊन ती बाजूला करतात, आवश्यक तेवढे हाड कोरतात, बहुधा दाढेचे तुकडे करून ते एकेक काढतात आणि टाके घालतात. अर्धा ते एक तास लागतो. रुग्ण जागा असतो आणि त्याच दिवशी घरी जातो.

नंतरचा एक आठवडा

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे आधी ठाऊक असले की घरात घबराट होत नाही. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थंड शेक द्यावा; दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि तितकाच वेळ काढावा. बर्फ वर्ज्य मानणाऱ्यांनी थंड पाण्याच्या घड्या वापरल्या तरी चालते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याने हलक्या चुळा भराव्यात. त्यासाठी घरात उकळून ठेवलेले पाणीच उत्तम. पहिले दोन-तीन दिवस जड ओझी उचलू नयेत, गोदामातील काम टाळावे. न विरघळणारे टाके असतील तर ते साधारण सातव्या दिवशी काढतात.

आहारासाठी डॉक्टर अनेकदा ‘कुस्करलेला बटाटा खा’ असे सांगतात. कंदमूळ न खाणाऱ्या घरात त्यावाचून काही अडत नाही. मुगाची पातळ खिचडी, मूगडाळीचे वरण आणि मऊ भात, दलिया, रव्याची खीर, दुधी भोपळ्याची पातळ भाजी, दही-भात, ताक, पिकलेले केळे हे सारे मऊ आणि पोषक आहे. पहिल्या दिवशी अन्न गार किंवा कोमट असावे. तिखट, कडक आणि बारीक दाण्यांचे पदार्थ आठवडाभर दूर ठेवावेत.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कमी होत आलेली वेदना अचानक वाढून कानाकडे ठणकू लागली आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी निघून गेल्याने खाच उघडी पडली असण्याची शक्यता असते. खालच्या अक्कलदाढेनंतर आणि विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक आढळते. दवाखान्यात जखम धुऊन औषधी पट्टी ठेवली की लवकर आराम पडतो. घरी गोळ्या वाढवीत बसू नये.

एक इशारा ठळकपणे ध्यानात ठेवावा. खालच्या दाढेचा संसर्ग जबड्याखालून मानेत उतरू शकतो. जबड्याखाली कडक सूज वाढत जाणे, गिळता न येणे, आवाज घोगरा होणे, श्वासाला त्रास होणे, सूज असताना ताप चढणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. अशा सुजेने श्वासमार्ग बंद होऊन प्राणावर बेतू शकते. मग ती दाढ काढलेली असो वा काढायची राहिलेली असो, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

इतर नेहमीच्या शस्त्रक्रिया

*इम्प्लांट.* पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रेनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. स्क्रू हाडाशी एकजीव होण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. म्हणून लग्नकार्याच्या आधी पंधरा दिवस दवाखान्यात जाऊन ‘दात बसवून द्या’ म्हणणे व्यर्थ असते. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर आधी ते नीट करावे आणि मगच यावर पैसा खर्चावा.

*जबड्यातील गाठ.* मेलेल्या दाताच्या मुळाशी पाण्याची गाठ वर्षानुवर्षे वेदनेविना वाढत राहते आणि हाड पोखरते. ती काढून तपासणीसाठी पाठविणे आवश्यक असते.

*अस्थिभंग.* महामार्गालगतच्या गावांना दुचाकीचे अपघात नवे नाहीत. मोडलेला जबडा टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. काही वेळा वरचे-खालचे दात काही आठवडे तारेने बांधून ठेवावे लागतात आणि सर्व आहार द्रवरूप घ्यावा लागतो. दुचाकीवर तोंड झाकणारे पूर्ण हेल्मेट घालणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

*बायोप्सी.* दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, कारण नसता हलू लागलेला दात यांसाठी छोटासा तुकडा काढून तपासतात. ‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ हा समज चुकीचा आहे. पसरतो तो वेळ दवडल्यामुळे.

सुपारी : आपल्या ताटाजवळची आणि गल्ल्यासमोरची

आपल्या समाजात तंबाखूला दोष मानणारे पुष्कळ आहेत. सुपारीला मात्र मुखवासाचा मान आहे. जेवणानंतर सुपारीचे दोन खांड, प्रवासात सुगंधी सुपारीची पुडी, दुकानात बसल्या बसल्या चघळायला तीच, आणि ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ हे समाधान. या समाधानाला वैद्यकाचा आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातली.

सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तराखाली तंतूंचे जाळे वाढते. आधी तिखट लागू लागते, तोंडात आग होते, मग अस्तर पांढुरके आणि ताठ होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. भारतात १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी या विकाराचे वर्णन करून त्याला आज रूढ असलेले नाव दिले. मराठीत त्याला तोंडाचा तंतुमयता-विकार म्हणता येईल. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला असता त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले.

घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे जोडून उभी धरावीत आणि पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती सहज मावली तर तोंड ठीक उघडते. दोनच बोटे मावत असतील तर दंतवैद्याकडे जावे. उपचारात सुपारी कायमची सोडणे हे पहिले, तोंडाचे व्यायाम आणि इंजेक्शने हे दुसरे, आणि तंतू कापून त्या जागी गालातीलच चरबीचा थर बसविण्याची शस्त्रक्रिया हे शेवटचे. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने व्यायाम चालू ठेवावा लागतो. तो सोडला किंवा सुपारी पुन्हा सुरू केली तर तोंड पुन्हा आवळते. शिवाय तोंड उघडत नसेल तर साधी दाढ काढणेही अवघड होऊन बसते.

येथे व्यापारी कुटुंबांनी एक पाऊल पुढे जाऊन विचार करावा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही दुकानाच्या दर्शनी भागात पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात आणि शाळेतून सुटलेली मुले त्या घेताना दिसतात. एका पुडीवर मिळणारा नफा किती आणि त्या मुलाचे तोंड मिटले तर त्याच्या कुटुंबाचा तोटा किती, हा हिशेब आपल्याला मांडता येतो. लग्नाच्या पंगतीत बडीशेप, धणाडाळ, तीळ, वेलची यांचा मुखवास ठेवणे तर सहज शक्य आहे. त्याला खर्च अधिक येत नाही आणि पाहुण्यांच्या आदरातिथ्यात उणेपणाही येत नाही.

व्रत, उपवास आणि औषधाच्या वेळा

जागेवरची भूल देऊन दात काढायचा असेल तर उपाशी पोटी जाऊ नये. भुकेल्या माणसाला इंजेक्शनच्या वेळी चक्कर येण्याचा संभव अधिक, आणि मधुमेह्याची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. सकाळी नवकारशीनंतर हलका आहार व नेहमीची औषधे घेऊन जावे आणि सकाळचीच वेळ मागून घ्यावी. म्हणजे रक्त येणे, वेदना, औषध यांची व्यवस्था सूर्यास्तापूर्वी लागते. पूर्ण भूल द्यायची असेल तर नियम उलट आहे : घन आहार सहा तास आधी बंद करावा लागतो. आपल्याला कोणती भूल मिळणार, हे विचारूनच जेवणाचे ठरवावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगावे. आपल्या भागात हिवाळ्यात दिवस सुमारे ११ तासांचा, तर उन्हाळ्यात १३ तासांहून मोठा असतो. दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधाऐवजी दोनदा घ्यायचे औषध योग्य ठरेल का, हे डॉक्टर पाहू शकतात. आपण न सांगता रात्रीची गोळी गाळली तर संसर्ग मात्र बळावतो. उपवासात रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेतल्याने जठराला इजा होऊ शकते. त्यामुळे तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पर्युषण, ओळी किंवा वर्षीतप यांच्या मध्ये न ठेवता आधी किंवा नंतर ठेवावी आणि तिच्यानंतर निदान आठ-दहा दिवस मोकळे असावेत. आजारपणात नियमाचे काय करावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पच्चक्खाणात आगार असतात, त्यांविषयी गुरुमहाराजांना विचारावे. मात्र डॉक्टरांपासून व्रत आणि गुरूंपासून आजार लपवू नये.

विहारात असलेल्या साधू-साध्वींच्या बाबतीत श्रीसंघाची जबाबदारी अधिक असते. महामार्गावरच्या मुक्कामात दात दुखत असल्याचे कळले तर पुढच्या गावाची वाट न पाहता तेथेच तपासणीची सोय करावी. अक्कलदाढेसारख्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस स्थिरता मिळावी, अशी विनंतीही करावी.

प्राणिज घटकांविषयी

हा विषय आपल्या वाचकांना विशेष महत्त्वाचा, आणि दवाखान्यात क्वचितच निघणारा. रक्त थांबविण्यासाठी खाचेत ठेवला जाणारा स्पंज बहुधा जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज असतो. त्याला वनस्पतिजन्य सेल्युलोजचा पर्याय आहे. टाक्यांचा कॅटगट धागा मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्यापासून आणि काळा रेशमी धागा रेशीमकिड्यापासून होतो. नायलॉनचे आणि आपोआप विरघळणारे कृत्रिम धागे सहज मिळतात. इम्प्लांटच्या वेळी हाड कमी पडले तर भरण्याची भुकटी अनेकदा गाईच्या हाडापासून केलेली असते आणि वर ठेवायचा पडदाही प्राणिज कोलॅजनचा असू शकतो. कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम भुकटी किंवा रुग्णाचे स्वतःचे हाड हे पर्याय आहेत. कॅप्सूलचे कवच सामान्यतः जिलेटिनचे असते. तेच औषध गोळीच्या रूपात मिळते का, हे विचारता येते.

ही चौकशी शस्त्रक्रियेच्या खुर्चीत बसल्यावर नव्हे, तर चार दिवस आधी करावी, म्हणजे डॉक्टरांना साहित्य मागविता येते. पर्याय प्रत्येक वेळी तितकाच गुणकारी असेल असे नाही. त्याचे गुणदोष ऐकून घ्यावेत. रक्तस्राव थांबत नसेल अशा प्रसंगी मात्र हाताशी असेल ते वापरण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरांना द्यावे.

काय सांगावे, काय विचारावे

डॉक्टरांना पुढील गोष्टी न विसरता सांगाव्यात : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा झडपेची शस्त्रक्रिया, गर्भारपण, औषधांची ॲलर्जी, पूर्वी दात काढताना फार रक्त आले होते का, आणि चालू असलेली सर्व औषधे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. साध्या दातासाठी त्या बहुतेकदा चालूच ठेवतात, आणि त्या थांबविल्याने हृदयाला होणारा धोका दाताच्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा असतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल घेतलेली इंजेक्शने आणि गोळ्याही सांगाव्यात; त्यांपैकी काहींमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही. सुपारी-तंबाखूविषयी घरच्यांसमोर बोलण्यास संकोच वाटत असेल तर डॉक्टरांशी एकट्याने बोलावे, पण खरे बोलावे.

आणि पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. ही शस्त्रक्रिया आताच का आवश्यक आहे? न केल्यास काय होईल?
२. दात वाचविण्याचा दुसरा उपाय आहे का?
३. भूल कोणत्या प्रकारची? आधी काय खावे-प्यावे?
४. माझ्या बाबतीत विशेष धोका कोणता?
५. किती दिवस विश्रांती लागेल, आणि एकूण खर्च किती येईल?
६. रात्री त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा?

हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही. माल घेताना भाव आणि प्रत विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला व्यापारी कधी वाईट म्हणत नाही. शंका विचारणाऱ्या रुग्णालाही चांगला डॉक्टर आदरानेच उत्तर देतो.

घरातील एखाद्याची दाढ महिनोन्महिने दुखत असेल, आजोबांच्या गालातला व्रण भरत नसेल, मुलाला तिखट सोसवेनासे झाले असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आधी दवाखान्याची वेळ घ्यावी. आज रात्री जेवणाआधी घरातल्या सर्वांनी तीन बोटांची ती परीक्षा करून पाहावी. तिला एक मिनिटही लागत नाही.